अन्नाचा उजेड, निरोपाचा उजेड

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कितीतरी शेड आज कुलूपबंद आहेत. त्यातल्याच एका शेडचं पुढे काय करायचं, यावरून एका घरात मामा-भाचीचं जमेना. मामांची हयात मागांच्या मोटारी, स्टार्टर आणि वायरिंग सांभाळण्यात गेली. सांगोल्याकडे त्यांची एकरभर ड्रॅगन फ्रूटची बागही आहे. भाची कृषी पदवीधर. तिला शेडमध्ये मांडण्या लावून एलईडीच्या उजेडात लेट्यूस पिकवायचं आहे. पुढचा वाद त्या दोघांचा.

मामा : आधी मला एवढंच सांग, सोलापुरात उजेड विकत घ्यायची वेळ कुणावर आली? संक्रांतीच्या दुपारीसुद्धा डोक्याला टॉवेल गुंडाळून हिंडतो आपण. आणि तू खिडक्या बंद करून आत दिवे लावायला निघालीस!

भाची : ऊन भरपूर आहे, मामा, पण त्यातला उजेड तेवढा वेगळा काढून घेता येत नाही. एप्रिल-मेमध्ये त्याच्यासोबत ४३ अंशांचा ताप येतो. लेट्यूसला १८ ते २४ अंश मानवतात. उन्हाळ्यात बाहेर लावलं की लगेच तुऱ्यावर येतं आणि पान कडू होतं. शिवाय पाणी. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणारं आपलं गाव. हायड्रोपोनिकमध्ये, म्हणजे मातीविना पाण्यावरच्या शेतीत, तेच पाणी फिरवून फिरवून वापरता येतं, जमिनीत जिरून जात नाही.

मामा : पाण्याचं मान्य. आता विजेचं बोल. मी वायरमन माणूस, मला युनिटात सांग की.

भाची : सांगते. ज्वारी पोत्यांत मोजतात, तसे झाडाला लागणारे प्रकाशाचे कण मोलमध्ये मोजतात. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. झाडाच्या पदरात किती पडलं ते वॅटवरून कळत नाही. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश पानाच्या कामाचा. १९७२ मध्ये मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञानं बऱ्याच पिकांची पानं वेगवेगळ्या रंगांत तपासून हे नीट दाखवलं. आता लेट्यूसला दर चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण १२ मोल लागतात. चांगला दिवा एका ज्यूल विजेतून अडीच मायक्रोमोल देतो. एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल. म्हणजे एका युनिटला ९ मोल.

मामा : थांब, मला करू दे. १२ भागिले ९, म्हणजे चौरस मीटरला रोज १.३३ युनिट. गुंठ्यात १०१ चौरस मीटर. रोजचे १३५ युनिट झाले, महिन्याचे चार हजारांवर! आणि दिव्यात गेलेली वीज शेवटी उष्णताच होते, पोरी. पत्र्याच्या शेडमध्ये ते १३५ युनिट कोंडले की बाहेर काढायला एसी. एसी चांगल्यातला घेतलास तरी तीन युनिट उष्णतेमागं एक युनिट तो खाणार. त्यात पत्र्यातून येणारा ताप मी धरलाच नाही.

भाची : मी किलोवर हिशेब मांडलाय. चौरस मीटरमध्ये २५ गड्डे, प्रत्येकी १५० ग्रॅम धरले तर पावणेचार किलो. दिव्याखाली महिनाभर, म्हणजे ४० युनिट. किलोला साधारण ११ युनिट, एसी धरून १४-१५.

मामा : पंधरा युनिट जाळून एक किलो पाला, आणि त्यातही ९५ टक्के पाणी! हे आपल्याकडं खाणार कोण? कडक भाकरी आणि शेंगाचटणीवाल्या गावात?

भाची : हॉटेलं घेतात. पुण्याला गाडी जाते. आणि वीज छतावरच्या सोलरची वापरेन.

मामा : तेही बघू. एक चौरस मीटर पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला एक युनिटभर वीज देतं. त्याचे तुझे ९ मोल. आणि त्याच चौरस मीटरवर उघड्या उन्हाचे किती पडतात?

भाची : स्वच्छ दिवशी ४० च्या वर.

मामा : मग झालं की! वरून ४० घेतेस आणि खाली ९ देतेस. बाकीचे कुठल्या खात्यात?

भाची : ते ४० तरी झाड सगळे कुठं घेतं? उन्हाळ्यात शेडनेट लावून निम्मा उजेड आपणच अडवतो, कारण ताप सोसत नाही. पण तुमचा मुद्दा खोटा नाही. आख्खी शेड लेट्यूसनं भरली तर हिशेब बसत नाही, हे मलाही दिसतं. तरी दिव्याखाली काहीच पिकवू नये, असं त्यातून निघत नाही. तुमच्या कंदर-टेंभुर्णीकडची केळी बघा. करमाळा-माढ्याची जी-नाइन केळी परदेशात जाते. तिची टिश्यूकल्चर रोपं जन्मतात कुठं? जळगावसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीत, बंद खोलीत. दिवसाचे सोळा तास कृत्रिम उजेड, २५ अंश तापमान. पूर्वी ट्यूबलाइट असायच्या, आता एलईडी येतायत. सूर्य त्या रोपाला नंतर भेटतो.

मामा : ते रोप बोटाएवढं असतं. एका मांडणीवर हजारानं बसतात.

भाची : तेच तर! जागा कमी, दिवस कमी, किंमत जास्त, असं जे असेल त्यालाच हा उजेड परवडतो. मोहरी, मुळा, सूर्यफुलाचे मायक्रोग्रीन्स घ्या. पहिले तीन-चार दिवस अंधारातच असतात, बियाणातल्या साठ्यावर वाढतात. मग पाचेक दिवस हलका उजेड, रोज सहा-साडेसहा मोल. चौरस मीटरला सगळे मिळून चारएक युनिट आणि माल दीड-दोन किलो. तसंच कलम केलेली वांगी-टोमॅटोची रोपं. कलम बांधल्यावर आठवडाभर त्यांना दमट हवा आणि मंद उजेड लागतो. भर उन्हात ठेवलं तर सांधा जुळायच्या आत रोप सुकतं.

मामा : रोपवाटिकेचं म्हणशील तर ऐकतो. पण बागेतले दिवे मात्र मला अजून पटलेले नाहीत. माझ्याच शेजाऱ्यानं ड्रॅगनमध्ये रात्रीचे बल्ब लावलेत. दिवसा ४० मोल पडणाऱ्या रानात रात्री नऊ वॉटचा बल्ब टांगून काय उजेड पडणार?

भाची : त्या बल्बनं झाडाचं पोट भरायचंच नाहीये, मामा. तो उजेड अन्न नाही, निरोप आहे.

मामा : कसला निरोप?

भाची : दिवस मोठा झाला, हा. आपल्याकडं जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या जवळ जातो, डिसेंबरात अकरावर येतो. झाड रात्रीची लांबी मोजतं. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखूवर हे सिद्ध केलं. त्यांच्याकडं तंबाखूची एक जात होती. उन्हाळाभर उंच वाढायची, पण फूल धरायची नाही. दिवस लहान केल्यावरच फुलली. पुढे १९५२ मध्ये त्यांच्याच देशात लेट्यूसच्या बियाण्यावर काम करताना कळलं की ६६० नॅनोमीटरच्या लाल उजेडानं बी उगवतं आणि त्यामागोमाग ७३० चा गडद लाल दिला तर पुन्हा थांबतं. हा खटका ज्या रंगद्रव्यामुळं चालतो ते फायटोक्रोम. त्याला मोलांची रास लागत नाही. मध्यरात्री थोडका उजेड मिळाला तरी पुरतो. रात्र दोन तुकड्यांत तुटते आणि झाड समजतं की उन्हाळा आहे.

मामा : आणि ड्रॅगनला मोठा दिवस लागतो फुलायला.

भाची : म्हणून तर आपल्याकडं जून ते नोव्हेंबर हंगाम. व्हिएतनाममधल्या बिन्ह थुआनमध्ये शेतकरी वर्षानुवर्षं रात्री बागा उजळतात. आधी पिवळे बल्ब होते, मग सीएफएल, आता एलईडी. रात्री दहा ते दोन, असे चारएक तास. शेवंतीवाले हाच खटका उलटा दाबतात. तिला फुलायला लांब रात्र लागते, म्हणून दांडा लांब होईपर्यंत पॉलिहाउसमध्ये रात्री दिवे, आणि फूल हवं झालं की दिवे बंद.

मामा : एकराला ४०० बल्ब धर. नऊ वॉटचे. ३.६ किलोवॅट. चार तासांचे साडेचौदा युनिट. आणि तुझ्या लेट्यूसला एका गुंठ्याला १३५. चाळीस पट रानाला नवव्या हिश्श्याची वीज?

भाची : जागेच्या मानानं पावणेचारशे पटींचा फरक आहे. दिवा घ्यायला जाण्याआधी ठरवायचं ते हेच. झाडाला जेवण द्यायचंय की निरोप? निरोपाला साधा बल्बही चालतो, फक्त तो वॉर्म व्हाइट घ्या. त्यात लाल रंग जास्त असतो आणि फायटोक्रोमला तोच कळतो. भारी ग्रो लाइट बागेत टांगणं म्हणजे पैसे वाया. आणि जेवण द्यायचं असेल, तर हाच साधा बल्ब मांडणीवर लावून काही उपयोग नाही.

मामा : निरोप पोचला तरी झाड करेल असं नाही हां. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री दिवा लावून बसलात आणि झाडात जीवच नसला, तर कळी कुठून येणार? हंगामाभर फळं देऊन थकलेल्या झाडाला आधी शेणखत, पाणी, छाटणी.

भाची : खरं आहे. थंडी ओसरताना, फेब्रुवारीच्या सुमारास निरोप दिला तर ऐकायची शक्यता जास्त.

मामा : आणखी एक गंमत बघ. शेतीला दिवसा वीज द्या म्हणून शेतकरी इतकी वर्षं ओरडला. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून मोटार चालू करायला जायचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला, फीडर सोलरवर जाऊन दिवसा वीज मिळायला लागली. आणि आता तुझ्या ड्रॅगनला वीज हवी रात्री दहाला! गावठाणाच्या फीडरवरून आकडा टाकायला सांगणार असशील तर ते जमणार नाही.

भाची : आकडा नको. महावितरणला विचारून कोणत्या दरात कसली जोडणी मिळते ते आधी लिहून घ्या, मगच बल्ब. नाहीतर दिवसा बॅटरी भरून रात्री वापरायची. शेवंतीत अर्ध्या तासातली ठरावीक मिनिटंच दिवा लावायची पद्धत आहे, सलग लावत नाहीत. ती ड्रॅगनला लागू झाली तर बॅटरीही लहान लागेल, पण ते आपल्या बागेत करून बघावं लागेल. आणि दिव्याचं तोंड आपल्याच झाडांकडं ठेवा. शेजारच्या बांधाला सोयाबीन किंवा ज्वारी असेल तर ती दिवस लहान व्हायची वाट बघणारी पिकं. रस्त्यावरच्या दिव्याखालचं सोयाबीन फुलायला, पिकायला मागं राहतं, हिरवंच दिसतं. तुमच्या निरोपानं त्याची शेंग लांबायला नको.

मामा : बरं, आता मांडणीचा दिवा. ऑनलाइन बघितला मी. १००० वॉटचा एलईडी, अडीच हजार रुपये. जांभळा.

भाची : त्यात दोन फसगती आहेत. हजार वॅट हा बहुधा डब्यावर छापायचा आकडा. प्रत्यक्षात तो शंभरच्या आसपासच खातो.

मामा : ते मी क्लॅम्प मीटर लावला की कळतं. तरी सांगतो, स्वस्त ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पॉवर फॅक्टर वाईट असतो. अँपिअरला व्होल्टनं गुणलं की वॅट आहेत त्यापेक्षा जास्त दिसतात आणि माणूस खूश होतो. वॅट दाखवणारा प्लगचा मीटर घे.

भाची : दुसरी फसगत जांभळ्या रंगाची. पान लाल आणि निळा उजेड जास्त पकडतं, म्हणून तो निघाला. पण हिरवा उजेडही पानात खोलवर जाऊन कामाला येतोच. आणि जांभळ्या उजेडात मला पान पिवळं पडलंय की करपा आलाय तेच दिसत नाही. पांढरा अधिक थोडा लाल, असा दिवा घ्यावा. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर फॉस्फर. त्या निळ्या एलईडीला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दुकानदाराला तीन गोष्टी विचारायच्या : सेकंदाला एकूण किती मायक्रोमोल, दर ज्यूलला किती, आणि रंगांचा आलेख. दर ज्यूलला दोनच्या खाली असेल तर दिवा स्वस्त पडतो आणि बिल महाग.

मामा : आणि माझे प्रश्न वेगळे. ड्रायव्हर वेगळा काढता येतो का? दिवा क्वचित मरतो, आधी मरतो तो ड्रायव्हर. त्यावर बीआयएसची खूण आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का? किती अंशांच्या हवेत चालायला बनवलाय? पन्नास हजार तास म्हणतात, म्हणजे सोळा तासांनी साडेआठ वर्षं. पण तो आकडा बहुतेक २५ अंशांचा असतो. आपल्या पत्र्याखाली ४५. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. म्हणून ड्रायव्हर मांडणीत ठेवायचेच नाहीत. सगळे बाहेरच्या भिंतीवर, वारा लागेल असे.

भाची : आणि दिवे ८० टक्क्यांवर मंद करून चालवायचे. कमी करंटवर एलईडी गारही राहतो आणि दर ज्यूलला उजेडही जास्त देतो. दोन दिव्यांच्या जागी तीन घेतले तर सुरुवातीला खर्च, पुढे बचत. मांडणीसाठी एक मोठा चौकोनी दिवा नको, लांब पट्ट्या हव्यात, म्हणजे मधल्या रोपाला भरपूर आणि कडेच्याला कमी असं होत नाही. भिंतींना फॉइल नको, चुना पुरे. पांढरी भिंत उजेड परत फेकते.

मामा : पट्ट्या आयपी ६५ घे, फवारणी-ओलाव्यात टिकतील. पण खरा शत्रू सांगू? शेजारच्या शेडमध्ये माग चालू आहेत. कापसाचे तंतू उडतात, ते हीटसिंकच्या फटीत बसले की दिवा आतून भाजतो. महिन्याला एकदा वीज बंद करून, दिवा गार झाल्यावर, मऊ ब्रशनं फटी साफ. समोरची काच किंवा प्लास्टिक जेमतेम ओल्या फडक्यानं. थिनर, रॉकेल अजिबात नाही, प्लास्टिक धुरकट होतं.

भाची : बोअरच्या पाण्याचे क्षारही बसतात त्यावर, पांढरे. मी मोबाईलच्या लक्स ॲपनं दर महिन्याला त्याच नऊ जागी मोजणार. पांढऱ्या एलईडीत दहा हजार लक्स म्हणजे दीडशे मायक्रोमोलच्या जवळपास. मोबाईल अचूक नसतो, पण तोच मोबाईल, तीच जागा ठेवली तर घट कळते. दहा टक्के उतरलं तर पुसायचं. पुसूनही भरून आलं नाही तर मंद केलेला दिवा थोडा वर न्यायचा.

मामा : टायमरवरून सगळा लोड थेट घेऊ नकोस. एलईडी ड्रायव्हर चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतात, टायमरचे पॉइंट चिकटतात. मध्ये कॉन्टॅक्टर टाक. अर्थिंग नीट, आणि वळवाच्या पावसाआधी सर्ज प्रोटेक्टर. विजांच्या त्या आठवड्यात मी एका शेडमधले निम्मे दिवे गेलेले बघितलेत. कनेक्टर सहा महिन्यांनी आवळायचे. उंदीर वायर खातात आणि पाल ड्रायव्हरच्या डब्यात शिरते, तेव्हा भोकं बुजवायची. एक ड्रायव्हर कायम शिल्लक ठेवायचा, रोपं दिव्याशिवाय आठवडाभर थांबणार नाहीत.

भाची : म्हणजे तुम्ही शेड लावायला तयार आहात तर!

मामा : एक मांडणी. कलमी रोपं आणि तुझे ते मायक्रोग्रीन्स. लेट्यूस हवं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी शेडनेटखाली, फुकटच्या उजेडात.

भाची : आजपुरतं मान्य. दिवे सुधारतायत, मामा. पाच वर्षांनी हाच हिशेब वेगळा निघेल.

मामा : किती सुधारतील?

भाची : लाल प्रकाशाच्या कणात जेवढी ऊर्जा असते, तिच्या हिशेबानं दिवा शंभर टक्के निर्दोष झाला तरी एका ज्यूलला साडेपाच मायक्रोमोलच्या पुढं जाता येणार नाही. आता अडीच-तीन आहे.

मामा : म्हणजे उद्या-परवा केव्हाही, तुझं बिल फार तर निम्मं होणार. उन्हाचं बिल तेव्हाही शून्यच.

भाची : मला निम्मं पुरेल. हॉटेलवाला मे महिन्यातल्या पानाला जानेवारीचा भाव देत नाही.

मामा : मग त्या मांडणीला वेगळा मीटर बसवतो. दर आठवड्याला किलोला किती युनिट पडले ते फळ्यावर लिहायचं. तोंडी हिशेब नाही चालणार.

भाची : लिहीन. पण तोच नियम तुमच्या बागेला. निम्म्या रांगांना दिवे, निम्म्या बिनदिव्याच्या, आणि मध्ये उजेड पोचणार नाही इतक्या रांगा सोडायच्या.

मामा : अर्धी बाग अंधारात ठेवू? फळ जायचं ते माझं!

भाची : नाहीतर फेब्रुवारीत कळ्या आल्या, तर त्या दिव्यानं आल्या की लवकर तापलेल्या हवेनं, हे तुम्ही कशावरून सांगणार? माझ्याकडून किलोला युनिट मागता, मग मीही किलोला युनिटच मागणार.